एकट्याची शर्यत

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. लालबागेंत राहणारा आमच्या शाळेचा एक विद्यार्थी मधल्या सुटींत मजकडे आला व अत्यंत खिन्न मुद्रेनें म्हणाला, "सर, चाक बिघडलेलें निघालें. गाडी वळतच नाहीं." हें चाक म्हणजे संगणकाला जोडावयाचें स्टिअरिंग. दिवाळीपासून सांठविलेल्या पैशांत त्यानें तें लॅमिंग्टन रोडवरून जुनें विकत घेतलें होतें, आणि माल परत करण्याची मुदत दोन दिवसांत संपत होती. शनिवारीं शाळा सुटल्यावर मी त्याजबरोबर त्याच्या घरीं गेलों. चाळींतील दहा बाय बाराची खोली; खिडकीपाशीं शिवणयंत्राचें टेबल, त्यावर संगणक, आणि टेबलाच्या कडेला सुतळीनें घट्ट बांधलेलें तें स्टिअरिंग. त्याच्या आजी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं जरा सरकून आम्हांस जागा करून दिली.

मुलानें खेळ सुरू केला. यादींतून त्यानें सर्वांत बलाढ्य गाडी निवडली, वीस प्रतिस्पर्धी घेतले, आणि सुटण्याचा इशारा होतांच अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पहिलें वळण आलें. त्यानें ब्रेकवर पाय रोवला आणि त्याच क्षणीं स्टिअरिंग सर्व बळानें फिरविलें. गाडी सरळच्या सरळ वाळूंत जाऊन रुतली. "पाहा सर!" तो म्हणाला.

मीं पाहिलें. चाकांत कांहींच बिघाड नव्हता. गाडी वळत नव्हती हें मात्र अगदीं खरें होतें. आणि ती कां वळत नव्हती हें उमगलें म्हणजे या विद्येचा अर्धा भाग हातीं आला असें समजण्यास हरकत नाहीं. त्या दिवशीं त्याला जें सांगितलें, व पुढें दोघांनीं मिळून जें करून पाहिलें, तेंच येथें इतर विद्यार्थिमित्रांसाठीं लिहीत आहें.

मोटारशर्यतीचे पडद्यावरील खेळ दोन जातींचे असतात. एका जातींत गाडी भिंतीवर आदळली तरी चेंडूप्रमाणें उसळून पुन्हा धांवूं लागते, आणि वळणावर वेग कमी करण्याची फारशी गरज पडत नाहीं. तो निव्वळ करमणुकीचा प्रकार होय. दुसऱ्या जातीस सिम्युलेटर म्हणतात. यांत गाडीचें वजन, टायरची पकड, इंजिनाचा जोर, रस्त्याचा चढउतार या सर्वांचें गणित संगणक दर सेकंदाला शेंकडों वेळां मांडीत असतो, आणि त्या गणिताचें उत्तर म्हणजेच पडद्यावर दिसणारी गाडी. येथें रागावून उपयोग नाहीं. गणित कोणाची भीड धरीत नाहीं.

ही कल्पना मोटारीच्या आधीं विमानास लागू झाली. अमेरिकेंत बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. प्रार्थनामंदिरांतील ऑर्गन ज्या हवेच्या भात्यांवर वाजतो, तसलेच भाते लावून लिंक यांनीं सन १९२९ च्या सुमारास एक लहानसें लांकडी विमान तयार केलें. तें जमिनीवरच असे; परंतु शिकाऊ वैमानिकानें आंत बसून दांडा हलविला कीं भात्यांच्या जोरावर तें कले, वळे, मान वर करी. प्रथम लोकांनीं तें जत्रेंतलें खेळणें मानलें, व लिंक यांनींही कांहीं यंत्रें तशींच विकलीं. पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याकडे टपाल नेण्याचें काम आलें आणि धुक्यांत व रात्रीं उडतांना थोड्याच आठवड्यांत कित्येक वैमानिक प्राणांस मुकले, तेव्हां सैन्यानें हीं खेळणीं विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांतील लक्षावधि वैमानिकांचा पहिला पाठ याच यंत्रांत झाला.

मोटारशर्यतीकडे हें तंत्र घरगुती संगणकाबरोबर आलें. १९८९ सालीं अमेरिकेंतील पॅपिरस मंडळीनें इंडियानापोलिसच्या शर्यतीची नक्कल काढली. १९९२ च्या सुमारास इंग्लंडांत जेफ क्रॅमंड यांनीं ग्रां प्री शर्यतींची. १९९७ च्या अखेरीस जपानांत काझुनोरी यामाउची यांचा 'ग्रान टुरिस्मो' निघाला. इटलींतील कुनोस मंडळीनें तर आपलें काम रोमजवळच्या वाल्लेलुंगा ट्रॅकच्या आवारांतच थाटलें. २०१४ सालीं पूर्ण झालेल्या त्यांच्या 'असेटो कोर्सा' या खेळांतील अनेक ट्रॅक लेसरच्या किरणांनीं मोजून घेतलेले आहेत, इतके कीं खऱ्या रस्त्यावरील उंचवटा पडद्यावरही हाताला जाणवतो.

असो. एकट्यानें खेळण्याच्या विभागांत बहुधा चार दालनें असतात. पहिलें सरावाचें, तेथें ट्रॅकवर आपण एकटे, फेऱ्यांची मोजदाद नाहीं, हार नाहीं कीं जीत नाहीं. दुसऱ्यांत प्रतिस्पर्धी म्हणजे फक्त घड्याळ. तिसऱ्यांत संगणकानें चालविलेल्या गाड्यांबरोबर एक शर्यत, आणि चौथ्यांत अशा अनेक शर्यतींची मालिका. नवशिका नेमका शेवटच्या दोन दारांशीं जातो, कारण गलका तेथें असतो. त्यानें पहिला महिना पहिल्याच दालनांत काढावा असें माझें स्पष्ट मत आहे. अनंतचतुर्दशीच्या दिवशीं गिरगांव चौपाटीवर कोणी पोहावयास शिकत नाहीं.

साधनांविषयीं थोडें. स्टिअरिंग नसेल तर अडून बसूं नये. कीबोर्डावर अडचण एवढीच कीं कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. अर्धा ब्रेक, पाव ब्रेक असा प्रकार तेथें संभवत नाहीं. हातांत धरावयाच्या गेमपॅडवर तो संभवतो, म्हणून तो बरा. आणि स्टिअरिंग व पेडलें मिळालीं तर उत्तमच. पैसा नसेल तर 'टॉर्क्स' व त्यापासून निघालेला 'स्पीड ड्रीम्स' हे दोन खेळ विनामूल्य आहेत व जुन्या संगणकावरही चालतात. टॉर्क्समधील यंत्रचालक म्हणजे निरनिराळ्या हौशी लोकांनीं लिहिलेले छोटे प्रोग्राम होत. ज्या विद्यार्थ्यास प्रोग्राम लिहितां येतो त्यास स्वतःचा एक चालक तयार करून शर्यतींत उतरवितां येईल. पेडलें मात्र पायाच्या जोरानें पुढें सरकतात. त्यांच्यामागें भिंत किंवा जड वस्तु हवी. आमच्या विद्यार्थ्यानें आजींचा पाटा लावला. चार वाजतां वाटण असतें, तोंपर्यंतच तो मिळे.

गाडी मागून किंवा वरून पाहण्याची सोय असते. ती सोडून चालकाच्या जागेवरून पाहण्याची संवय करावी. तेथेंही दृष्टीचा कोन ठरवावा लागतो. संगणक जो कोन आपण होऊन देतो तो बहुधा फार मोठा असतो. त्यामुळें वळण आहे त्याहून दूर भासतें व ब्रेक उशिरां लागतो. २४ इंची रुंद पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरांवर असेल तर डावीकडून उजवीकडे पसरलेला खरा कोन सुमारें ४८ अंश येतो. ज्यांस त्रिकोणमिति येते त्यांनीं हा हिशोब स्वतः करून पाहावा. परीक्षेबाहेर टॅन्जंटचा उपयोग होण्याचा हा एक दुर्मिळ प्रसंग आहे. चित्र अरुंद झाल्यासारखें वाटून पहिले दोन दिवस गुदमरल्यासारखें होतें, तें सोसावें.

चालकास मदत करणाऱ्या कांहीं योजना खेळांतच असतात. गियर आपोआप बदलण्याची मदत आरंभीं घ्यावी. ब्रेक दाबतांना चाकें अडकूं न देणारी मदतही ठेवावी. ती आतां रस्त्यावरील साध्या गाड्यांतही असते, तेव्हां तींत कमीपणा नाहीं. रस्त्यावर रंगीत रेघ आंखून कोठून जावें हें दाखविणारी जी मदत आहे तिजविषयीं मात्र मी साशंक आहें. ट्रॅकची ओळख होईतों दहाबारा फेऱ्या ती असूं द्यावी, मग बंद करावी. कारण मुलगा रेघेकडे पाहूं लागतो आणि रस्त्याकडे पाहावयाचें विसरतो.

गाडी शंभर-दीडशें अश्वशक्तीची, लहान व साधी निवडावी. बलाढ्य गाडी चुका झांकते आणि मग एकदम मोठी शिक्षा करते. दुर्बळ गाडी प्रत्येक लहान चूक लगेच घड्याळांत दाखवून देते. ट्रॅकही एकच धरावा व तो आंधळ्यासही सांगतां येईल इतका पाठ करावा. आपल्या देशांतील ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक पुष्कळांस मोहवितो. तेथें २०११ ते २०१३ अशा तीन वर्षीं भारतीय ग्रां प्री झाली व त्या वर्षींच्या फॉर्म्युला वनच्या खेळांत तो ट्रॅक घेतलेला होता. परंतु ५.१२५ किलोमीटर लांबी व सोळा वळणें हा पहिला धडा नव्हे. दोन-तीन किलोमीटरांचा, सातआठ वळणांचा ट्रॅक पुरे.

आतां गाडी कां वळत नव्हती तें पाहूं.

मोटारीचा एक टायर रस्त्यास जेवढा टेकतो तो भाग सुमारें तळहाताएवढा असतो. चार तळहातांवर सगळी गाडी उभी. या तळहातांची पकड ठराविक आहे; तिच्यांतूनच ब्रेकचें काम व्हावयाचें आणि वळण्याचेंही. गिरणगांवांतील घरांत पूर्वीं महिन्याचा पगार ठरलेला असे. भाड्यांत व देण्यांत सगळा गेला तर वाण्याकडे रिकाम्या हातानेंच जावें लागे, मग पिशवी कितीही मोठी न्या. तीच गत येथें. आमच्या विद्यार्थ्यानें सगळी पकड ब्रेकवर खर्च केली व नंतर चाकें वळविलीं. वळण्यासाठीं कांहीं शिल्लकच नव्हतें. अशा वेळीं स्टिअरिंग आणखी फिरविणें म्हणजे मोठी पिशवी नेण्यासारखेंच. टायर केवळ घसपटतो. उपाय उलटा आहे. ब्रेक सरळ रस्त्यावर असतांनाच लावावा, पहिल्यानें जोरानें. मग जसजसें स्टिअरिंग फिरूं लागेल तसतसा पाय हळूहळू उचलावा. ब्रेकमधून सुटलेली पकड वळण्याच्या कामीं येते. हात आणि पाय यांचा हा देवघेवीचा व्यवहार जमण्यास आठवडे लागतात, आणि यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

ब्रेक किती आधीं लावावा? पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील सूत्र येथें सरळ लागू पडतें. घर्षणाचा गुणांक १ धरला तर ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास सुमारें १० मीटर लागतात. १०० ला ३९ मीटर. २०० ला १५७. वेग दुप्पट झाला कीं अंतर चौपट होतें. रस्ता ओला होऊन गुणांक निम्म्यावर आला तर त्याच १०० च्या वेगास ७९ मीटर हवेत, आणि यांत मनुष्यास धोका कळून पाय हलेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाहीं. हे आंकडे फळ्यावर मुलांना पाठ असतात. पण मीं पाहिलें आहे कीं वाळूंत वीस वेळां रुतल्याखेरीज ते अंगीं उतरत नाहींत. म्हणून प्रत्येक वळणापूर्वीं रस्त्याच्या कडेची एखादी स्थिर खूण धरावी: अंतराची पाटी, कुंपणाचा खांब, रस्त्याच्या रंगांतील बदल. तेथें ब्रेक. जमलें तर पुढच्या फेरींत खूण दोन मीटर पुढें. गाडीच्या सांवलीची खूण मात्र धरूं नये. ती दुपार कलली कीं हलते.

वळणांतून जाण्याची वाटही गणितानेंच ठरते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणांतून याच गुणांकानें फार तर ताशीं ८० किलोमीटर वेगानें जातां येतें. त्रिज्या १०० मीटर असेल तर ११३ नें. म्हणून रस्त्याची सगळी रुंदी वापरून आपली वाट होईल तितकी सपाट करावयाची: बाहेरच्या कडेनें शिरावें, आंतल्या कडेस मध्यावर किंवा मध्याच्या किंचित् पुढें स्पर्श करावा, आणि पुन्हा बाहेरच्या कडेस यावें. आंतल्या स्पर्शाच्या जागेस शर्यतवाले एपेक्स म्हणतात. नवशिका तेथें हटकून लवकर पोंचतो, कारण वळण दिसलें कीं तो त्यावर झडप घालतो. मग बाहेर पडतांना रस्ता संपतो.

वळणांत सावकाश शिरून लवकर बाहेर पडणें यांत लाभ काय, असें त्या मुलानें मला विचारलें. बुद्ध ट्रॅकवर तिसऱ्या व चौथ्या वळणांमध्यें एक किलोमीटरांहून लांब सरळ रस्ता आहे. समजा, तेथील एक किलोमीटर कोणी सरासरी २०० च्या वेगानें काटला. त्यास १८ सेकंद लागले. तिसऱ्या वळणांतून नीट बाहेर पडल्यामुळें दुसऱ्याची सरासरी २०३ झाली, त्यास १७.७३ लागले. पाव सेकंदाहून अधिक लाभ झाला, आणि तोही सरळ रस्त्यावर, जेथें दोघांचेही पाय तळापर्यंत दाबलेले आहेत. वळणांत धिटाईनें घुसून एवढा लाभ क्वचितच होतो.

डोळ्यांविषयीं एकच सूचना. मरीन ड्राइव्हच्या लांब वांकावर बेस्टचा अनुभवी चालक पाहा. त्याची नजर बसच्या नाकाशीं नसते, वांक जेथें दिसेनासा होतो तेथें असते. पडद्यावरही तसेंच. ब्रेकची खूण आली कीं नजर एपेक्सकडे, आणि एपेक्स येण्याच्या आधींच ती वळणाच्या तोंडाकडे गेलेली असावी.

सरावाची एक वही ठेवावी. मीं त्या मुलास नियम घालून दिला कीं सलग दहा फेऱ्या ट्रॅकबाहेर न जातां पुऱ्या होईपर्यंत वेगाचें नांव काढावयाचें नाहीं. चवथ्या, सातव्या, एकदां तर दहाव्या फेरीस तो घसरला व प्रत्येक वेळीं पुन्हा एकपासून मोजूं लागला. हें कंटाळवाणें आहे हें मी नाकबूल करीत नाहीं. पण एक अत्यंत जलद फेरी दैवानेंही साधते. दहा सारख्या फेऱ्या दैवानें साधत नाहींत. त्या जमल्यावर दुसऱ्या दालनांत जावें. तेथें आपलीच सर्वोत्तम फेरी एका पारदर्शक गाडीच्या रूपानें पुढें धांवतांना दिसते. तिला घोस्ट म्हणतात. तिला धडकतां येत नाहीं, अडवितां येत नाहीं. ती कोठें पुढें जाते व कोठें मागें पडते एवढेंच पाहावयाचें. बऱ्याच वेळां असें दिसतें कीं आपण जेथें फार धडपडलों तेथेंच ती आपणांस सोडून गेली.

यंत्रचालकांबरोबरच्या शर्यतीविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. त्यांचें कौशल्य कमीजास्त करतां येतें; तें प्रथम बरेंच खालीं ठेवावें, पांचसहाच गाड्या घ्याव्या, आणि मुद्दाम सर्वांच्या मागून सुटावें. पहिल्या वळणावर सगळे एकदम ब्रेक लावतात, तेव्हां आपला ब्रेक नेहमींच्या खुणेच्या आधींच लागला पाहिजे. एखाद्याच्या मागें दोनचार फेऱ्या नुसतें राहून पाहावें. पण त्याचें आंधळें अनुकरण नको, कारण कांहीं खेळांत यंत्रचालकांच्या गाड्यांस आपल्याहून सोपें गणित लावलेलें असतें.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील. मुंबई शहरांत घोड्यांच्या शर्यतीसाठीं महालक्ष्मीचें मैदान १८८३ पासून आहे. मोटारींसाठीं कायमचा ट्रॅक नाहीं. देशांतील जुने नांवाजलेले ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें व कोइमतूर येथें आहेत. मुंबईंत जन्मलेला जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्यें बहरीनमधील साखीर येथें फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. परंतु त्यासाठीं लहानपणापासून कार्टिंग व पुढें परदेशांत वर्षानुवर्षें राहणें हा मार्ग त्याला धरावा लागला, आणि तो खर्च परळ-लालबागच्या घरास झेपणारा नव्हे. खोलींतल्या खोलींत उघडणारें दार हें एकच. त्यांतून क्वचित् कोणी खऱ्या ट्रॅकवरही पोंचतो. ब्रिटनमधील जॅन मार्डेनबरो हा तरुण २०११ सालीं ग्रान टुरिस्मोच्या स्पर्धेंत सुमारें ९०,००० जणांतून निवडला गेला आणि २०१३ मध्यें ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतींत त्याची तुकडी आपल्या वर्गांत तिसरी आली.

परंतु त्याच मार्डेनबरोची पुढची हकीकतही मीं मुलास सांगितली. २८ मार्च २०१५ रोजीं जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकवर शर्यत चालू असतां एका उंचवट्यावर त्याची गाडी हवेंत उचलली गेली व कुंपणापलीकडे पडली. तो वांचला, एक प्रेक्षक मृत्यु पावला. पडद्यावर वाळूंत रुतलेली गाडी एक कळ दाबली कीं परत जाग्यावर येते. सिम्युलेटर वजन शिकवितो, पकड शिकवितो, नजर शिकवितो. भीति तेवढी त्यास शिकवितां येत नाहीं. रात्रीं उशिरां मोकळ्या रस्त्यांवर दुचाक्यांच्या शर्यती लावणारीं मुलें या शहरांत आहेत, आणि त्यांतील कांहीं आपल्या ओळखीचींही असतील. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें तो गुन्हा आहे, हें मीं सांगितलें तेव्हां मुलगा गप्प होता. ओल्या रस्त्यावरचे ते ७९ मीटर त्यानें स्वतः वहींत काढले तेव्हां तो म्हणाला, "सर, आमच्या चाळीच्या दारापासून नाक्यापर्यंतसुद्धां एवढें अंतर नाहीं."

तें स्टिअरिंग त्यानें परत केलें नाहीं. गेल्या महिन्यांत त्यानें वही आणून दाखविली. सलग दहा फेऱ्या लिहिलेल्या होत्या, आणि सर्वांत जलद व सर्वांत मंद फेरींत पाऊण सेकंदाचें अंतर होतें. आतां तो पांच यंत्रचालकांबरोबर शर्यत लावतो व बहुधा शेवटून दुसरा येतो. पाटा अद्यापि चार वाजतां परत द्यावा लागतो.